हिरडीच्या तुकड्यातून आरएनए: रिन (आरएनए किती शाबूत आहे याचा १० पैकी गुण) ३ ते ५, जीएपीडीएच (तुलनेसाठी धरलेलं संदर्भ जनुक) ३ सायकल सरकतोय. घोळ कुठे?

हिरडी_धुळे
नमस्कार मंडळी. एमडीएस पेरिओचा (हिरड्यांच्या रोगांची पदव्युत्तर पदवी) प्रबंध आहे. पेरिओडॉन्टायटिसचे २० रुग्ण, निरोगी हिरडीचे २० जण. क्यूपीसीआरवर (जनुकाचा एमआरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) सुजेची जनुकं आयएल-१ बीटा, आयएल-६, आयएल-१७ए, कोलॅजन तोडणारं एमएमपी-८ आणि हाड झिजवणारं रँकल. रुग्णांचे तुकडे फ्लॅप सर्जरीत (हिरडी उचलून करायची शस्त्रक्रिया) कापून टाकतो त्या कडेच्या हिरडीचे, निरोगी तुकडे ऑर्थोसाठी प्रीमोलर काढताना घेतलेले. साधारण २ बाय २ मिमी, वजन १० मिग्रॅच्या आत-बाहेर. तुकडा सलाईनच्या गॉजवर ठेवतो, टाके झाले की आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणारं खारं द्रावण) टाकून लगेच उणे २० ला. जमले की थर्माकोलच्या डब्यात ट्रॅव्हल्सने पुण्याला. तिथे ट्रायझॉलने (फिनॉल आणि ग्वानिडिन असलेलं द्रावण) आरएनए काढतात.

पहिल्या ६ नमुन्यांत रिन २.८ ते ५.१, शुद्धता दाखवणारी प्रकाशशोषणाची गुणोत्तरं २६०/२८० सुमारे १.७, २६०/२३० फक्त ०.६. जीएपीडीएचचा सीटी (कितव्या सायकलला संकेत दिसला; आकडा कमी तितका एमआरएनए जास्त) रुग्णांत १९, निरोगींत २२. आयएल-१७ए बहुतेकांत ३६ च्या पुढे. एमएमपी-८ रुग्णांतही जेमतेम दिसतो. नमुने वाढवू की आधी पद्धत सुधारू?

तापीकाठ
पद्धत. आणि सुरुवात त्या गॉजपासून.

तोंडातली लाळ आणि रक्त यांत आरएनेझ (आरएनए तोडणारं एन्झाइम) भरपूर. शिवाय कापलेल्या तुकड्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. रक्तपुरवठा तुटला की त्या ताणाला उत्तर देऊ लागतात आणि आयएल-६ सारखी जनुकं काही मिनिटांत हलतात. टाके होईपर्यंत अर्धा तास गेला, तर तुम्ही रोग कमी आणि गॉज जास्त मोजता. असिस्टंटच्या हातात उघडी ट्यूब तयार हवी. तुकडा निघाला की थंड निर्जंतुक सलाईनमध्ये दोन-तीन सेकंद बुचकळून रक्त घालवायचं आणि मिनिटाच्या आत आरएनएलेटरमध्ये. तुकड्याच्या किमान ५ पट द्रव लागतो; १० मिग्रॅला सरळ ५०० मायक्रोलिटर घ्या, कंजूषी नको.

दुसरी चूक ‘लगेच उणे २०’. मीठ आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर ४ अंशांना ठेवा, मग उणे २०. उणे ८० ला न्यायचं असेल तर द्रव काढून टाका. फ्रिजमध्ये पांढरे खडे दिसले तर ते मीठच आहे. ३७ अंशांना गरम करून हलवलं की विरघळतं.

आता प्रवास. आरएनएलेटरमध्ये नमुना ४ अंशांना महिनाभर, २५ ला आठवडाभर, ३७ ला एक दिवस टिकतो. ४५ चा रकाना त्यात नाहीच, आणि आपल्याकडे मे महिन्यात तोच लागतो. दुपारच्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. रात्रीची गाडी, भरपूर गोठवलेले जेल पॅक आणि डब्यात कमाल-किमान थर्मामीटर, एवढं पुरतं. कुणी सुचवेल की गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रातून द्रव नायट्रोजन मिळवा. मिळेलही, पण तो कॅन प्रवासी गाडीत न्यायचा नसतो आणि आरएनएलेटर असताना त्याची गरजही नाही.

भूल देताना १:८०,००० अ‍ॅड्रेनालिनची सुई त्याच पॅपिलात (दोन दातांमधल्या हिरडीत) टोचू नका. ब्लॉक द्या, किंवा लांबून. जे कराल ते दोन्ही गटांत सारखंच.

सेंट्रीफ्यूज_भुसावळ
२६०/२३० ०.६ म्हणजे ग्वानिडिन राहिलंय, आणि २६०/२८० १.७ म्हणजे फिनॉलही. फिनॉलचं शोषण २७० च्या जवळ असतं, त्यामुळे नॅनोड्रॉप (प्रकाशशोषणावर मोजणारं यंत्र) आरएनए फुगवून सांगतो. तुकडा लहान असला की हा फुगवटा जास्त, आणि निरोगी हिरडीत पेशी कमी, कोलॅजनच जास्त, म्हणून आरएनए मुळातच थोडा. तुम्ही दोन्हीकडे ‘सारखे नॅनोग्रॅम’ टाकले असतील, पण प्रत्यक्षात निरोगीकडे कमी गेले. ३ सायकल म्हणजे ८ पट, त्यातला मोठा भाग इथेच हरवलेला असू शकतो. क्यूबिटवर (आरएनएला चिकटणाऱ्या रंगावर मोजणारं यंत्र) मोजायला सांगा.

हिरडी चिवट असते, हाताच्या प्लास्टिक मुसळीने ती फुटत नाही. मण्यांचा होमोजिनायझर, ३० सेकंदांच्या फेऱ्या, मध्ये बर्फ. त्याआधी तुकडा टिपून आरएनएलेटर काढा, नाहीतर मिठामुळे ट्रायझॉलचे थर नीट वेगळे होत नाहीत. १ मिलि ट्रायझॉलला ०.२ मिलि क्लोरोफॉर्म, १२,००० जी, १५ मिनिटं, ४ अंश. वरचा थर घेताना लोभ नको, मधल्या पांढऱ्या पडद्याच्या वर थोडा सोडून द्या. फिनॉल आणि डीएनए तिथूनच येतात. आयसोप्रोपॅनॉलबरोबर ५ ते १० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन घाला, नाहीतर एवढ्याशा तुकड्याची पेलेट दिसतच नाही आणि ओतताना वाहून जाते. ७५ टक्के इथेनॉलने एकऐवजी दोनदा धुवा. मला विचाराल तर इतक्या लहान, तंतुमय तुकड्यांना प्रोटिनेझ-के वापरणारा कॉलम किट जास्त बरा. डीएनए तोडणारी डीएनेझची पायरी कॉलमवरच होते. आरटी (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल मात्र प्रत्येक नमुन्याला हवाच.

एक गंमत: सुजलेल्या हिरडीबरोबर जिवाणूही येतात. त्यांचे १६एस आणि २३एस रायबोसोमल आरएनए आपल्या १८एस-२८एसच्या आसपास उमटतात आणि रिनचा हिशेब बिघडवतात. आकड्यावर विसंबू नका, आलेख मागवा.

कळण्याची_भाकर
वरचं सगळं खरं, पण भो, मूळ दुखणं वेगळं आहे. फ्लॅप सर्जरी कधी करता? स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (दात आणि मुळांची सफाई) होऊन काही आठवड्यांनी. म्हणजे तुमचा ‘रोगी’ तुकडा उपचार घेतलेला आहे, सूज अर्धी उतरलेली. आयएल-१७ए न दिसण्यामागे हे एक कारण असू शकतं. उपचाराआधीचा तुकडा हवा असेल, तर वाचण्यासारखे नसलेले दात काढताना, स्केलिंगच्या आधी घ्या. त्या जागेचं पॉकेट, अटॅचमेंट लॉस (दाताला धरलेल्या हिरडीच्या जोडाची हानी), प्रोबिंगला रक्त, सगळं त्याच दिवशी लिहा. निरोगी जागा म्हणजे ३ मिमी किंवा कमी आणि रक्त नाही. ऑर्थोवाल्यांत ब्रॅकेट लागलेले असतील तर हिरडी हमखास सुजलेली असते; ब्रॅकेट लावण्याआधी घ्या. तंबाखू-मिश्रीचा इतिहास नीट विचारा, तंबाखू ओढणाऱ्यात रक्त कमी येतं आणि हिरडी खोटीच निरोगी दिसते. अ‍ॅम्लोडिपिन, फेनिटॉइन, मधुमेह, अलीकडची अँटिबायोटिक्स हे निकष आधीच ठरवा.

एमएमपी-८ चं उत्तर यंत्रात नाही, जीवशास्त्रात आहे. न्यूट्रोफिल हे एन्झाइम अस्थिमज्जेतच बनवून कणांत भरून आणतो. हिरडीत पोचेपर्यंत प्रथिन भरपूर, एमआरएनए नगण्य. ते एलायझावर (प्रथिन मोजणारी चाचणी) मोजा. आयएल-१ बीटाचंही असंच अर्धवट: एमआरएनए वाढला म्हणजे कॅस्पेज-१ ने कापलेलं कार्यक्षम प्रथिन वाढलंच असं नाही.

जीएपीडीएच एकट्यावर अवलंबू नका, तो चयापचय आणि ऑक्सिजनच्या कमतरतेने हलतो. बी२एम सुजेत नकोच, इंटरफेरॉनने तो वाढतो. एचपीआरटी१, वायव्हॅझ, पीपीआयए, आरपीएलपी० अशी चार-पाच संदर्भ जनुकं १० नमुन्यांवर तपासा आणि जीनॉर्मने (संदर्भ जनुकांची स्थिरता काढणारा प्रोग्रॅम) स्थिर दोन-तीन निवडा. त्यातला व्ही २/३ (तिसरं जनुक घातल्याने किती फरक पडतो तो आकडा) ०.१५ च्या खाली आला की दोन पुरतात.

हिरडी_धुळे
मनापासून आभार. एक शंका: रँकल वाढलेला दिसला तर ‘जनुक जास्त चालू झालं’ असं लिहू शकतो का?

कळण्याची_भाकर
नाही. जुनाट पेरिओच्या घावात प्लाझ्मा पेशी आणि लिम्फोसाइट्सची गर्दी असते, निरोगी तुकड्यात एपिथेलियम आणि फायब्रोब्लास्ट. एकाच पेशीने आवाज वाढवला की बोलणारे वाढले, हे दळलेल्या तुकड्यातून कळत नाही. म्हणून त्याच प्लेटवर पीटीपीआरसी (पांढऱ्या पेशींची खूण) आणि एखादं केराटिन (एपिथेलियमची खूण) चालवा, आणि तुकडा मोठा असेल तर अर्धा फॉर्मलिनमध्ये टाकून एच-ई रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. प्रबंधात ‘ऊतीतील एमआरएनएचं प्रमाण’ असं लिहा.

आकडेवारी डेल्टा सीटीवर (हव्या त्या जनुकाचा सीटी वजा संदर्भ जनुकांचा) करा, पटींवर नाही. पटी फक्त आलेखासाठी. तिहेरी विहिरींत ०.३ पेक्षा जास्त विचलन आलं तर पुन्हा लावा.

तापीकाठ
संमतीपत्राचं एक राहिलं. ‘टाकून द्यायचा तुकडा’ असला तरी संशोधनासाठी वेगळी संमती लागते, आणि ती रुग्णाला कळेल अशा भाषेत. कागद मराठीत असला तरी साक्रीच्या आजीला अहिराणीत आणि नंदुरबारकडच्या माणसाला भिलीत समजावणारा कुणीतरी साक्षीला बसवा. जास्तीचा तुकडा काढणार नाही, हे वाक्य आधी सांगा. पहिला प्रश्न तोच येतो.

सेंट्रीफ्यूज_भुसावळ
आणि ते ६ नमुने निकालात धरू नका, पण फेकूही नका. सगळ्यांचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) एकत्र करून ५-५ पटींनी पातळ करत पाच पायऱ्या लावा आणि प्रत्येक प्रायमरची कार्यक्षमता काढा. सीटी विरुद्ध प्रमाणाचा लॉग या रेषेचा उतार उणे ३.३२ म्हणजे १०० टक्के; ९० ते ११० च्या बाहेर गेलेला प्रायमर बदला. आयएल-१७ए या मिश्रणात चढणार नाही, त्याला उत्तेजित केलेल्या टी पेशींचा सीडीएनए मागून घ्या.