स्पेनमधल्या नदीच्या घळी आणि जंगलं: ऑक्टोबरात आई-बाबा आणि मुलासोबत कुठे जावं?

पायरव:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये आठ दिवस हाताशी आहेत. शहरं या खेपेला नकोत. डोंगर, जंगल, नदीच्या खोल घळी बघायच्या आहेत. सोबत आई (62), बाबा (66) आणि 9 वर्षांचा मुलगा. राजमाची, सिंहगड सगळे आरामात करतात, पण उघड्या कड्यावर आईला गरगरतं. गाडी भाड्याने घेणार आहोत, उतरायचं विमानतळ अजून ठरलेलं नाही.

सध्या यादीत कामिनितो देल रेय, कारेसची घळ, ओर्देसा, इरातीचं जंगल आणि मोंत-रेबेई आहे. यातलं काय ठेवावं, काय गाळावं? आगाऊ आरक्षण कशाकशाला लागतं? पाऊस झाला तर घळीत कितपत धोका असतो? आणि घरचे सगळे शाकाहारी आहेत (अंडं चालतं), तर खेड्यापाड्यात जेवायचं काय?

कडेकपारी:
यादी चांगली आहे, पण एका खेपेची नाही. कामिनितो पार दक्षिणेला मालागाजवळ, कारेस उत्तरेला पिकोस दे युरोपात आणि बाकीची तीन पिरेनीजच्या अंगाने. आठ दिवसांत सगळं गाठायचं म्हटलं तर निम्मा वेळ हमरस्त्यावर जाईल. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आहे, तर नावारा (इरातीचं जंगल असलेला प्रांत) आणि त्याच्या पूर्वेला ओर्देसा एवढंच धरा. बीच या झाडाची पानं रंगतात ती याच दिवसांत, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

आईंसाठी एक गोष्ट बघत जा: घळीतली वाट मुळात कशासाठी खोदली होती? ती किती रुंद, किती चढाची आणि किती उघडी असेल हे त्यावरून बरंचसं कळतं.

तुमच्या यादीत नसलेल्या, नावारातल्याच लुंबिएरच्या घळीतून आगगाडी जायची. पाम्प्लोना ते सांगुएसा ही इराती रेल्वे 1911 मध्ये सुरू झाली, ती विजेवर चालायची आणि 1955 मध्ये बंद पडली. रूळ काढले, वाट राहिली. त्यामुळे ती रुंद आहे आणि जवळजवळ सपाट आहे. घळ जेमतेम 1.3 किमी लांबीची, भिंती दीडशे मीटरपर्यंत, खाली इराती नदी. दोन्ही टोकांना बोगदे आहेत आणि आत दिवे नाहीत. मोबाईलच्या उजेडावर भागवू नका, जमिनीवर डबकी आणि खळगे असतात. डोक्याला लावायची विजेरी घ्या. आईंना इथे काही त्रास होऊ नये. जाऊन-येऊन दीड तास पुरतो. परतताना डोंगरावरून फेरी मारायची तर साधारण साडेपाच किमी होतात, पण त्यात दगडाळ चढ आहे.

कारेसची वाट जलविद्युत केंद्राच्या कालव्याची देखभाल करणाऱ्यांसाठी काढली. कालवा 1916 ते 1921 मधला, आजची वाट 1940 च्या दशकातली. कालवा सपाट जातो म्हणून वाटही बहुतेक सपाट, पण कामगारांपुरती रुंद आणि जवळपास सगळीकडे कठड्याविना. पोन्सेबोस ते काइन सुमारे 12 किमी एका बाजूने. पोन्सेबोसकडून सुरुवातीला सुमारे 300 मीटरचा खडा चढ लागतो. ज्यांना गरगरतं त्यांच्यासाठी ही वाट नाही. पुढेमागे गेलातच तर काइनकडून सुरू करा, बोगदे आणि पूल बघा आणि तासाभराने मागे फिरा. घळीचा सर्वांत अरुंद भाग त्याच बाजूला आहे. एका टोकाला गाडी लावून दुसऱ्या टोकाला उतरायचा बेत करू नका, गाडीरस्ता अख्ख्या डोंगररांगेला वळसा घालून सुमारे 100 किमीचा आहे.

ओर्देसा मुळात घळ नाही, हिमनदीने कोरलेली दरी आहे. तळ रुंद, भिंती दूर, त्यामुळे दरीतळातून चालताना अंगावर कडा येत नाही. दरीतल्या प्रादेरा वाहनतळापासून कोला दे काबायो धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन 17-18 किमी, चढ साडेचारशे मीटरच्या आसपास. बाबा आणि मुलगा पूर्ण करू शकतील, आईंना एस्त्रेचो धबधब्यापर्यंत पुरे वाटलं तरी दरीचा उत्तम भाग बघून होतो. ‘सेंदा दे लोस कासादोरेस’ ही वाट मात्र घेऊ नका. नकाशावर तीच दरी दिसते, पण सुरुवातीलाच सुमारे 600 मीटर उभा चढ आहे आणि तिथून उतरणं गुडघ्यांना चढण्यापेक्षा वाईट. गर्दीच्या दिवसांत तोर्ला गावाच्या पुढे खासगी गाड्या सोडत नाहीत, बसने जावं लागतं. ऑक्टोबरातही असे काही दिवस येतात, त्या तारखा उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा.

इरातीला दोन बाजूंनी शिरता येतं, ओचागावियाकडून आणि ओर्बाइसेताकडून. मुक्काम ओचागावियात करा. तिथून कासास दे इरातीपर्यंत 24 किमीच्या आसपास घाटरस्ता आहे, पाऊण तास धरा. दोन्ही बाजूंना वाहनतळाचे पैसे पडतात आणि शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर जागा मिळणं कठीण. सोमवार ते गुरुवार इराती, शनिवार-रविवार लुंबिएर असं उलटं लावा. बीच आणि फरच्या झाडांचं हे जंगल सुमारे 17,000 हेक्टरांचं आहे. आत शिरल्यावर सगळीकडे एकसारखं दिसतं, म्हणून खुणेच्या पट्ट्या सोडू नका: लाल-पांढरी लांब पल्ल्याची वाट, पिवळी-पांढरी छोट्या पल्ल्याची, हिरवी-पांढरी गावापुरती. त्याच रंगांची फुली दिसली तर वाट चुकलीत, मागच्या खुणेपर्यंत परत या.

कामिनितो या खेपेला गाळा. 2015 मध्ये नव्याने उघडल्यापासून कठडे भक्कम आहेत, पण फळ्यांची वाट नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर कड्याला टांगलेली आहे आणि ती एकेरी आहे, मध्येच घाबरून मागे फिरता येत नाही.

गृध्रकूट:
कडेकपारींच्या यादीत एक भर घालते. लुंबिएरहून नावास्कुएसकडे जाताना रस्त्यालगत ‘इसो’ नावाचा सज्जा आहे. तिथून आर्बायूनची घळ वरून दिसते. सालासार नदीने जवळपास सहा किमी चुनखडी कापली आहे. चालायचं काहीच नाही, गाडीतून उतरून बघायचं. आईंना कठड्याशी जायचं नसेल तर दोन पावलं मागूनही गिधाडं दिसतात.

ती बघायला घाई करू नका. ही युरेशियन गिधाडं, पंख पसरल्यावर अडीच मीटरच्या आसपास. त्यांना उडायला तापलेल्या हवेचा झोत लागतो, म्हणून सकाळी नऊला कड्यावर बसलेली असतात, साडेदहा-अकरानंतर एकामागून एक सुटतात. सज्जावर उभं राहिलं की ती डोळ्यांच्या पातळीवर किंवा खालून जातात. पाठ आणि पिसांची मांडणी वरून बघायला मिळते, एरवी आपल्याला फक्त पोट दिसतं. दुर्बीण 8×42 पुरे.

जानेवारी-फेब्रुवारीत अंडं, जुलैच्या सुमाराला पिल्लू उडतं. म्हणून सेगोवियाजवळच्या दुरातोन नदीच्या घळीत एका लांब वाटेवर 1 जानेवारी ते 31 जुलै परवाना लागतो. ऑक्टोबरात तो प्रश्न नाही, पण कड्याखाली आरडाओरडा नको आणि ड्रोन तर नकोच. आपल्याकडे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि आज रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला उरलेली जपावी लागताहेत. स्पेनने मात्र 2013 मध्ये तेच औषध जनावरांसाठी मंजूर केलं. मुलाला हे नक्की सांगा.

ओर्देसात वर बघत राहा. तिथे दाढीवालं गिधाड आहे, हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि तुकडे गिळतं. शेपटी पाचरीसारखी निमुळती दिसली की तेच.

जलरेषा:
पावसाबद्दल. सह्याद्रीत आपण ‘पावसाळा संपला, आता ओढ्यात उतरायला हरकत नाही’ असा हिशेब करतो. पूर्व स्पेनमध्ये नेमकं उलट. उन्हाळाभर समुद्र तापलेला असतो, शरदात वरच्या थरात थंड हवेचा गोळा वाऱ्याच्या मूळ प्रवाहापासून तुटून तिथे अडकतो आणि काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. 29 ऑक्टोबर 2024 ला वालेन्सिया भागात असंच झालं, दोनशेहून जास्त माणसं गेली.

पिरेनीजमध्ये धोका अरुंद ओढ्यांचा. 7 ऑगस्ट 1996 ला ओर्देसाच्या पश्चिमेला बिएस्कासजवळ आरास ओढ्याला लोंढा आला. गाळ अडवायला बांधलेले बंधारे फुटले आणि ओढ्याच्या तोंडाशी पसरलेल्या गाळाच्या पंख्यावरची तंबूंची छावणी वाहून गेली. 87 जणांचा मृत्यू. सपाट, हिरवी, पाण्याजवळची जागा मुळात लोंढ्यानेच तयार केलेली असते.

त्यामुळे हवामानाचा अंदाज तुम्ही जिथे चालणार त्या गावाचा बघून थांबू नका, नदीच्या वरच्या अंगाच्या गावाचाही बघा. सरकारी संस्था आएमेत पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते. नारिंगी असेल तर घळ नको. पिवळा आणि वादळाची शक्यता असेल तर लुंबिएरसारखी पाण्यापासून वर असलेली वाट सकाळी करून टाका. नदीत मात्र कोरड्या दिवशीही उतरू नका: लुंबिएरच्या वरच्या बाजूला इतोइसचं धरण आहे, आणि धरणाखालच्या नदीत पाणी सोडल्यावर पातळी आभाळ निरभ्र असतानाही चढू शकते.

पावसानंतरचा दिवस दगड पडायचा. चुनखडीच्या भेगांत पाणी मुरतं, रात्री गोठतं, सकाळी ऊन लागलं की सुटतं. ताज्या फुटलेल्या पांढऱ्या कपच्या वाटेवर दिसल्या की तिथे फोटोला थांबू नका, पुढे सरका. आणि ओली बीचची पानं चुनखडीवर साबणासारखी असतात. गुळगुळीत तळाचे पळायचे बूट नकोत, खोल खाचांचा तळ आणि उतारासाठी काठी हवी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर सूर्यास्त सहाच्या आसपास, घळीत अंधार त्याहून लवकर. परतीची वेळ चारची धरा. तातडीला क्रमांक 112, पण घळीत फोनला रेंज नसते हे गृहीत धरा आणि मुक्कामाच्या घरी वाट सांगून निघा.

पायरव:
मनापासून आभार. मग इराती-लुंबिएर-ओर्देसा पक्कं. शेवटच्या दिवशी बार्सेलोनाकडे जाताना मोंत-रेबेई करता येईल का? आईला घेऊन कुठवर जाता येईल? आणि जेवणाचं राहिलंच.

कडेकपारी:
येईल, पण ला मासिएता वाहनतळाची जागा आधी आरक्षित असेल तरच. जागा मोजक्या आहेत आणि शनिवार-रविवारच्या आधी भरतात. 1 नोव्हेंबरला जोडून सुट्टी येत असेल तर तो दिवस टाळा.

इथली जुनी वाट 1924 ची, कानेयेस धरणाच्या पाण्याखाली गेली, म्हणून 1980 च्या दशकात वर नवी खोदली. ती खडकात खोबणीसारखी कापलेली आहे: एका बाजूला भिंत आणि धरायला तार, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. भिंती 500 मीटरच्या वर, सर्वांत अरुंद जागी घळ 20 मीटर रुंद. घळीत शिरण्याआधीच एक झुलता पूल लागतो. आईंना तिथे कसं वाटतं त्यावरून ठरवा; पूल जमला नाही तर पुढची वाट जमणार नाही. तिथवरूनही घळीचं तोंड दिसतं. जमलं तर भिंतीकडच्या बाजूने, तार धरून, घळीच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाता येईल. मुलाला आतल्या बाजूला ठेवा. मोंतफाल्कोकडे जाणाऱ्या लाकडी जिन्यांना जाऊ नका, ते उभ्या कड्यावर ठोकलेले आहेत. जोराचा वारा असेल तर बेतच रद्द करा.

ताटवाटी:
जेवणाचं मी सांगते. ‘वेखेताल’ नावाचं सँडविच शाकाहारी समजून घेऊ नका, त्यात ट्यूना असतो. मिश्र सॅलडवरही तोच. नावाराची मेनेस्त्रा ही भाज्यांची उसळवजा भाजी, पण बहुतेक वेळा हॅमचे तुकडे टाकतात. मागवताना ‘सिन खामोन, सिन आतून’ म्हणजे हॅम आणि ट्यूनाशिवाय, हे स्पष्ट सांगा. ‘सिन कार्ने’ पुरत नाही, कारण हॅमला अनेक जण मांसात धरत नाहीत. बटाट्याची तोर्तिया (अंड्याचं जाड ऑम्लेट), भाजलेल्या पिकियो मिरच्या, पाव आणि टोमॅटो हे बहुतेक ठिकाणी मिळतं. रोंकालचं चीज चवीला फार छान, पण ते प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजलेलं असतं, बाबांना चालतं का विचारून घ्या.

स्वयंपाकघर साधारण दीड ते साडेतीन आणि रात्री साडेआठनंतरच चालू. मुलाला साडेसातला भूक लागणार, तेव्हा हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं ‘कासा रुराल’ (खेड्यातलं भाड्याचं घर) घ्या. काचेच्या बरणीतले शिजवलेले हरभरे किराणा दुकानात मिळतात, फोडणीचं साहित्य घरून न्या, पंधरा मिनिटांत उसळ होते. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक दिवसभर. शनिवारी दुपारच्या आत सामान आणि पेट्रोल भरून ठेवा. झऱ्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

आणि गाडीसाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आत्ताच काढा, मूळ लायसन्ससोबत तोही लागतो.