फॅन लोकांचा कुठला शब्द तुमच्या डोक्यात जातो?

फ्लेक्सवाला_शहापूर

बेळगावात शहापूरला माझं डीटीपी-फ्लेक्सचं दुकान आहे. गणपती, वाढदिवस, साहेबांचं स्वागत, कबड्डीच्या मॅची, काय येईल ते छापतो. त्यातला निम्मा धंदा फॅन लोकांचा. वर कन्नड, खाली मराठी, मधे हिरोचा फोटो. म्हणजे शब्दांशी माझी रोजचीच मारामारी.

3 जून 2025. आयपीएलमधल्या बंगळूरच्या टीमनं, आरसीबीनं, पंजाबला 6 रनांनी हरवून अठराव्या सीझनला पहिला कप उचलला. मध्यरात्री पुढच्या गल्लीतल्या पोरांनी मला शटर उघडायला लावलं. दहा बाय आठचा फ्लेक्स, सकाळी चौकात लागला पाहिजे. मजकूर मोबाईलवर लिहून आणलेला: "ये साला कप नम दे". मी म्हटलं, अरे, इतकी वर्षं ओरडूलाय, शिवी देऊलाय व्हय कपाला? ते "ई सल" आहे. ई सल म्हणजे ह्या खेपेला. नम्दे म्हणजे आमचाच. इंग्रजी अक्षरांत वाचून वाचून "सल"चा "साला" झालाय. आणि आता जिंकलाय तर "नम्दु" म्हणा, खेळाडूसुद्धा तेच म्हणूलेत. ही पोरं मराठी, मान्य. पण जन्म बेळगावातला, शेजारी कन्नड, भाजीसुद्धा कन्नडमधून घेतात!

मी शहाणपणा करून "ई सल कप नम्दु" छापलं. सकाळी सातला फ्लेक्स गुंडाळून परत दुकानात. "काका, चुकलंय. सगळे हसूलेत." दुसरा फ्लेक्स माझ्या खर्चानं, "साला" घालून. पहिला अजून दुकानामागं आहे, पावसात लाकडं झाकायला.

दुसरा शब्द अभिमानी. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता, बळग म्हणजे मंडळी. कन्नड सिनेमाचे हिरो डॉ. राजकुमार तर चाहत्यांना "अभिमानी देवरु" म्हणायचे, म्हणजे चाहते हेच देव. हे ज्याला ठाऊक नाही तो गोंधळणारच. कोल्हापूरचे आमचे मेहुणे अप्पूच्या, म्हणजे हिरो पुनीत राजकुमारच्या फ्लेक्सवर "अप्पू अभिमानी बळग" वाचून म्हणाले, "एवढी घमेंड, ती पण फ्लेक्सवर?" त्यांना मी दोष देत नाही. माझं डोकं उठतं ते आमचीच पोरं मराठीत "मी विराटचा कट्टर अभिमानी" लिहायला लागतात तेव्हा. बाबांनो, चाहता म्हणा. नसेल जमत तर फॅन म्हणा, मी काही बोलणार नाही.

गोट तर विचारूच नका. इंग्रजीत आतापर्यंतचा सगळ्यात थोर, त्याची आद्याक्षरं. मराठीत गोट म्हणजे छावणी. त्यात पोरं शेजारी बकऱ्याचं चित्र टाकायला सांगतात. आपल्याकडं एखाद्याचा बकरा केला म्हणजे काय केलं, हे मी सांगायला पाहिजे का?

तुमचे शब्द सांगा.

टिळकवाडीची_जांभळी

काका, आमच्या घरातलं ऐका. बीटीएस ह्या कोरियन गाण्याच्या ग्रुपच्या चाहत्यांना आर्मी म्हणतात. आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. दहावीत असताना मी त्यांना फुशारकीनं म्हटलं, "आजोबा, मी पण आर्मी आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भरती कधी झालीस गे?" अजून पाहुणे आले की मला "आमची सुबेदार" म्हणून ओळख करून देतात. एका दमात त्यांच्यापेक्षा मोठा हुद्दा.

तो घोटाळा मला चालतो. चालत नाही तो क्लासमधल्या मुलींचा: "मी आर्मीची फॅन आहे." अगं, आर्मी म्हणजेच फॅन! तू फॅनांची फॅन आहेस का?

दुसरं म्हणजे बायस. ग्रुपमधला आपला सगळ्यात लाडका तो बायस. त्याची जागा डळमळीत करणारा दुसरा कुणी आवडायला लागला, तर तो बायस रेकर. ह्या म्हणतात, "माझे सातही बायस." ग्रुपच सात जणांचा आहे! मग निवडलं काय? वर मलाच सांगतात, तू बायस्ड आहेस.

मास्तर_निपाणी

माझा शब्द क्रिकेटमधला आहे, मंकडिंग. 1947 च्या डिसेंबरात सिडनी कसोटीत विनू मंकडांनी गोलंदाजी करताना ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात ताकीद देऊन झालेली होती. चेंडू पडायच्या आत क्रीज सोडली ब्राऊननं, आणि नाव चिकटलं मंकडांना. गावसकरांनी तेव्हाच्या फलंदाजावरून "ब्राऊन्ड" म्हणा असं सुचवलं होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही. 2022 मध्ये क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं हा प्रकार अनुचित खेळाच्या नियमातून काढून साध्या धावबादच्या नियमात घातला, तरी लोकांच्या तोंडात अजून लबाडीच आहे. आमच्या घरात नातू पत्ते लपवतो आणि धाकटी ओरडते, "दादानं मंकडिंग केलं!" एवढ्या मोठ्या अष्टपैलू खेळाडूचं नाव आमच्या रमीच्या डावात. मी पत्ते खाली ठेवून उठतो. घरचे म्हणतात, म्हातारा हरत होता म्हणून उठला.

खानापूरकर_भो

काय गा, फ्लेक्सवाले, एवढं काय लावून धरलंय? हॅटट्रिक घ्या की. 1858 साली शेफिल्डमध्ये स्टीफन्सन नावाच्या बॉलरनं तीन चेंडूंत तीन विकेट काढल्या, लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट दिली. तिथनं तो शब्द. आता शिवण्णाला, म्हणजे कन्नड हिरो शिवराजकुमारला, "हॅटट्रिक हिरो" म्हणतात, पहिले तिन्ही सिनेमे हिट म्हणून. चेंडू कुठं टाकला त्यानं? त्याचा फ्लेक्स तुम्ही छापलाच असणार, तेव्हा नाही बोललासा. उलट 2023 मध्ये खुद्द आरसीबीचा कॅप्टन डू प्लेसी "ई साला कप नहीं" म्हणून बसला होता, कोहली शेजारी हसून लोळत होता. तुमच्या गल्लीतली पोरं त्याच्यापेक्षा बरी.

फ्लेक्सवाला_शहापूर

छापलाय, एकदा नव्हे. पण त्यात तीन तरी होते ना भो, हिशेब जुळतो. "साला"त काय जुळतंय ते सांग. डू प्लेसीला माफ, तो परदेशी माणूस. आमच्या पोरांचं घर दुकानापासून चार घरं.

मास्तर, तुमच्यापुढं बोलायची सोय नाही, पण पत्ते टाकून उठू नका. हरताय असंच दिसतं.

आणि जांभळे, आजोबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कुठं करूलीस? मजकूर मी आत्ताच सांगतो: "आमची आर्मी". एक अक्षर चुकणार नाही.

टिळकवाडीची_जांभळी

बॅकग्राऊंड जांभळं पाहिजे, बीटीएसचा रंग.

फ्लेक्सवाला_शहापूर

आजोबांना विचारून ये आधी.