पुण्यात म्हातारपण काढावं का? नागपूरहून विचारतोय (मदत हवी आहे)

अजनीकर

नमस्कार मंडळी,

येत्या मार्चअखेर बँकेतून निवृत्त होतोय. बदल्यांची वर्षं सोडली तर सगळं आयुष्य नागपुरात गेलं. मुलगा आणि सूनबाई हिंजवडीत नोकरीला, घर वाकडला. दोघांनी एकच धोशा लावलाय की नागपूरचं घर विका आणि पुण्याला या. "बाबा, पुणं म्हणजे पेन्शनरांचं शहर. हवा, नाटकं, गाणं, डॉक्टर, टेकड्या, सगळं आहे."

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझे एक मामा एरंडवण्यात राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलं की एप्रिलातही रात्री पांघरूण लागायचं. घरी वाळ्याच्या ताट्या लावून कूलरसमोर झोपणारी आम्ही पोरं, आम्हाला ते थंड हवेचं ठिकाणच वाटायचं. मामा संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या व्याख्यानाला जायचे, तेही चालत. माझ्या डोक्यातलं पुणं ते.

आता दिवाळीला मुलाकडे राहिलो. दहाव्या मजल्यावर फ्लॅट, खाली पोहण्याचा तलाव, सगळं झकपक. पण सहा वाजता फिरायला उतरलो तर गेटवर टँकर. वॉचमन वहीत गाडीचा नंबर लिहून घेतो, पाइप टाकीत सोडतो, एक रिकामा झाला की दुसरा आत. दिवाळीत! पावसाळा नुकता संपलेला, धरणं भरलेली. फिरायला म्हणून बाहेर पडलो तर फुटपाथ शंभर पावलांत संपला आणि पुढे दुचाक्या माझ्या अंगावरून जायच्या बाकी होत्या. शेवटी सोसायटीच्या आतच गोल गोल फिरलो. संध्याकाळी नाटकाला बालगंधर्वला जायचं ठरलं, मुलानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "आत्ता निघालो तर दुसरा अंक मिळेल."

तर प्रश्न असा आहे की ज्या पुण्याची ख्याती आहे ते पुणं आज शिल्लक आहे का? असेल तर नेमकं कुठे? नागपूरचं स्वतंत्र घर विकून हातात येतील त्या पैशात मध्य पुण्यात काही बसत नाही. एजंट नऱ्हे, आंबेगाव, मांजरी इकडे दोन बेडरूमचे फ्लॅट दाखवतोय. बायकोचे गुडघे दुखतात, तिला जिना नको. तिला गाण्याची आवड आहे, आयुष्यभर रेडिओवर ऐकलेला सवाई गंधर्व संगीत महोत्सव एकदा तरी समोर बसून ऐकायचंय. मला सकाळी तासभर चालायला हवं आणि वाचनालय हवं. एवढंच मागणं आहे.

पुणेरी पाट्या आणि दुपारी एक ते चार हे विनोद कृपया नकोत, पाठ आहेत. जे तिथे राहतात, विशेषतः ज्यांनी आईवडिलांना बाहेरगावाहून आणलंय, त्यांनी लिहावं.

मुठाकाठ

पहिली दुरुस्ती: तुम्ही पाहिलंत ते वाकड. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, पुण्यात नाही. हा पुणेरी खोचकपणा नाही, पाण्याशी थेट संबंध आहे. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी, आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे, धरण भरलेलं असो वा नसो. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही साखळी. जुन्या भागात रोज पाणी येतं. मधूनमधून दुरुस्तीसाठी गुरुवारी बंद ठेवतात, मग शुक्रवारी सकाळी नळ नुसता फुरफुरतो. एवढी सवय ठेवली की भागतं.

मामांचं पुणं म्हणजे पेठा, डेक्कन, एरंडवणे, आणि १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वसलेले सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर वगैरे. पेन्शनरांचं शहर ही ख्याती तेवढ्या भागाची. चालत किंवा सायकलवर सगळं आटोपायचं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला सोयीचं. आता २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली आणि क्षेत्रफळ मुंबई महापालिकेपेक्षा मोठं झालं. (दोन गावं नंतर वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली, तो वेगळाच तमाशा.) एजंट दाखवतोय ते नऱ्हे-आंबेगाव कागदोपत्री पुणे महानगरपालिकाच. कर पुण्याचा, सोयी गावाच्या.

नऱ्हे_नव्हे

मी याच पट्ट्यात राहतो, नाव बघून कळलं असेलच. फ्लॅट घेताना बिल्डरनं सांगितलं होतं की पाण्याची लाइन "मंजूर आहे". आता मजा ऐका. बांधकाम परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र लिहून देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. ताबा दिला, सोसायटी स्थापन झाली की टँकरचं बिल सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये. हमीपत्र फायलीत.

काका, फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅट, क्लबहाउस काही बघू नका. सोसायटीच्या खजिनदाराला गाठा आणि एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं दाखवा म्हणा. दाखवली तर बघा, टाळाटाळ केली तर तिथेच उत्तर मिळालं. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, हे नंतर.

दुसरी गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता. आमच्याकडे महिनोन्महिने पाणी उकळून पीत होते सगळे. आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा नदीकाठच्या एकतानगरीतल्या तळमजल्यांची काय दशा झाली ती बातम्यांत पाहिली असेल. नदीकाठी "रिव्हर व्ह्यू" म्हणून कोणी काही दाखवलं तर हात जोडून परत या.

टेकडीवाला

इतकं घाबरवू नका हो त्यांना. मी सत्तरीचा आहे, सहकारनगरला चाळीसहून अधिक वर्षं. रोज पहाटे तळजाईची टेकडी. झाडी, मोर, आणि माझ्यासारखे शेकडो म्हातारे. उतरताना चहा, तिथे निम्म्या शहराचं राजकारण चालतं. वाचनालयं आहेत. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. मामा जात असतील ती बहुधा हीच. प्रेक्षक कमी झालेत, पण आजही जाऊन बसता येतं.

वहिनींना सांगा, सवाई १९५३ पासूनचं, पूर्वी रमणबागेत व्हायचं, आता मुकुंदनगरला मैदानावर होतं. आमच्याकडून रिक्षानं थोडक्यात. डिसेंबरातली थंडी असते, शाल घेऊन यायचं.

हवेबद्दल मात्र मामांचा एप्रिल विसरा. शिवाजीनगरचा पारा एप्रिलात चाळिशी ओलांडतो. फरक रात्री पडतो. पाषाण, शिवाजीनगर बाजूला रात्री बऱ्यापैकी गार होतं. कोरेगाव पार्क, वडगाव शेरी, मगरपट्टा भागात काँक्रीट रात्रभर तापलेलं. मांजरी त्याच अंगाला. नागपूरच्या ४५-४६ अंशांपुढे आमचं काहीच नाही म्हणा, पण आता इथेही एसी लागतो.

सीमा_ध

मी आईबाबांना जळगावहून आणलं, त्याला बरीच वर्षं झाली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी "मुलाजवळ" या शब्दाकडे बघा. मुलगा वाकडला आणि तुम्ही नऱ्ह्याला किंवा मांजरीला, तर कामाच्या दिवशी संध्याकाळी तो तुमच्याकडे येऊच शकत नाही. हिंजवडीतून बाहेर पडण्यातच त्याचा जीव जातो. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे खांब कधीपासून उभे आहेत, त्याच्या भरवशावर घर घेऊ नका. रविवारी भेट होते. रविवारच्या भेटीसाठी वंदे भारत अजनीहूनही येते, पुण्यात घरच घ्यायला हवं असं नाही.

मध्य भागात जुन्या सोसायट्या आहेत, तीन मजली, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे त्या बाद. तळमजला मिळाला तर भाव जास्त सांगतात, आणि बहुतेक ठिकाणी पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. २०२० च्या नव्या बांधकाम नियमावलीनंतर कोथरूड, सहकारनगरमध्ये गल्लीगणिक पत्रे ठोकलेत. तुम्ही जाऊन स्थिरावलात आणि दोन वर्षांनी "घर खाली करा, भाडं बिल्डर देईल" असं आलं, तर त्या वयात पुन्हा ट्रक बोलवायचा. आमच्या आईबाबांचं हेच झालं.

तरीही मी त्यांना परत नेलं नाही, आणि त्याचं कारण हवा किंवा गाणं नाही. कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे. आईचा हात फ्रॅक्चर झाला तेव्हा कामाला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई हजर. रक्त तपासायला घरी येतात. औषधांचं दुकान ओळखीचं, उधारीवर पाठवतो. हाकेच्या अंतरावर फिजिओथेरपिस्ट. ज्येष्ठ नागरिक संघाच्या मंडळींनी बाबांना पहिल्याच महिन्यात हिशेब तपासनीस करून टाकलं (तुम्ही बँकेतले म्हणजे तुमची सुटका नाहीच). पेन्शनरांचं शहर आज टिकलंय ते या सगळ्यावर, आणि हे सगळं कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, सदाशिव पेठेच्या अवतीभवती आहे. नव्या उंच इमारतींत क्लबहाउस असतं, पोळ्यावाली बाई नसते. ती बिचारी दोन बस बदलून कशाला येईल?

बाबांना पहिलं वर्ष जड गेलं हेही सांगते. जळगावला दार उघडं असायचं. इथे शेजारच्यांकडे आधी फोन करून जायचं, हे त्यांच्या पचनीच पडेना.

संत्रावाला

अजनीकर भाऊ, काऊन विकता घर? एम्स झालं, मेट्रो झाली, रस्ते बघा आपले आणि त्यांचे. पुण्यात गाडी लावायला जागा शोधता शोधता बीपी वाढते. राहिली गोष्ट तर्री पोह्याची, ते तिकडे मिळते म्हणतात, पण काही खरं नाही.

मुठाकाठ

संत्रावाले, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नागपूरच्या रस्त्यांवरून होड्या फिरल्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे बोट न दाखवलेलं बरं. पण घर विकू नका, याला माझंही अनुमोदन.

अजनीकर

सर्वांचे आभार. सीमाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "शेजारी फोन करून जायचं? मग गेले कशाला?" तरी तळजाई आणि सवाईच्या नावानं तिचे डोळे चमकले.

मुलाशीही बोललो. त्याला विचारलं, आम्ही मांजरीला घर घेतलं तर तू कधी येशील? तो गप्प बसला. मग म्हणाला, त्यापेक्षा वाकडलाच आमच्या टॉवरमध्ये भाड्यानं घ्या. ते मला नको. टँकर मोजत म्हातारपण काढायचं तर नागपूरची नळयोजना काय वाईट आहे?

म्हणून सध्या असं ठरवतोय: घर विकायचं नाही, वरचा मजला भाड्यानं द्यायचा. एप्रिलपासून अकरा महिन्यांसाठी सहकारनगर किंवा पद्मावतीच्या बाजूला लिफ्ट असलेलं घर भाड्यानं घ्यायचं. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक सवाई पाहायचं. मुलाकडे जायला स्वारगेटहून मेट्रोनं पिंपरी आणि तिथून रिक्षा, हे जमेल ना? आणि ब्रोकर एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागतो. त्यात काही कमी होतं का?

टेकडीवाला

मेट्रोनं आरामात जमेल. स्वारगेट स्टेशन जमिनीखाली आहे, पण लिफ्ट आहे, वहिनींना त्रास नाही. फक्त येताना ऑफिस सुटायची वेळ टाळा.

दलाली कमी होत नाही.

सीमा_ध

होते. ब्रोकरला टाळून थेट सोसायटीच्या सूचना फलकावर बघा. जुन्या सोसायट्यांत अजून हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या लागतात, "फक्त कुटुंबासाठी" वगैरे. निवृत्त जोडपं म्हटलं की घरमालक खूश असतात. करार ऑनलाइन नोंदवता येतो, अंगठ्याचे ठसे घ्यायला माणूस घरी येतो, उन्हात रजिस्ट्रार कचेरीत बसावं लागत नाही. करारात पाण्याचा आणि टँकरचा खर्च मालकाकडे की तुमच्याकडे, हे लिहून घ्या. आणि एप्रिलच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीतच येऊन बघा. मार्चअखेर परीक्षा संपल्या की चांगली घरं उचलली जातात.