मदत हवी आहे: तीर्थन नदीवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग, गाइड कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

हिमाचलात तीर्थन खोऱ्यात ट्राउट (थंड पाण्यातला मासा) गरवायला जायचा बेत आहे. मी आणि बाबा. बाबा देवबागचे, कर्लीच्या खाडीत गरी टाकण्यात हयात गेली. वय सत्तरीकडे झुकलंय, पण गुडघे शाबूत आहेत. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांची खोटी माशी फेकून मासा पकडणं, मात्र दोघांनाही नवीन, म्हणून गाइड हवा.

बंजारपासून गुशैणीपर्यंतचे बरेच होमस्टेवाले 'गाइडसह ट्राउट फिशिंग' देतो म्हणतात. एकाने फोटो पाठवला, त्यात स्पिनिंगचं रीळ आणि दोराला चकाकता चमचा (चमच्यासारखं धातूचं आमिष)! विचारलं तर म्हणतो, "सर, मछली तो मछली है." ते खरंच, पण चमचाच फेकायचा तर देवबाग काय वाईट? आम्हाला पिसांची माशी फेकायला शिकायचंय. खरा फ्लायवाला गाइड फोनवर ओळखायचा कसा?

दुसरं, दिवाळीची सुट्टी सोयीची होती, पण १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. मग मे की ऑक्टोबर?

आणि मासा पकडून परत पाण्यात सोडायचा, हे मालवणी माणसाला कसं पटवायचं तेही सांगा. आई तर ऐकूनच हसली.

खेकडेराव
ऑक्टोबर. मे महिन्यात बर्फ वितळून पाणी चढतं, दुपारनंतर गढूळही होतं. जुलै-ऑगस्टचं तर नावच नको. ऑक्टोबरात पाणी निवळशंख असतं, म्हणजे मासाही तुम्हाला बघतो. भडक शर्ट नकोत, प्रवाहाच्या खालून वर सरकत जा.

गाइडला एवढंच विचारा: रॉड किती वेटचा (कुठल्या वजनाच्या लाइनसाठीचा), माशी कोरडी (पाण्यावर तरंगणारी) की निम्फ (पाण्याखाली जाणारी)? ४ किंवा ५ वेट, तरंगती लाइन (माशी फेकायचा जाड दोर) असं काही चटकन सांगितलं तर माणूस कामाचा. "सब मिलेगा" म्हणाला तर चमचा मिळेल. मत्स्य विभागाचा परवाना कोण काढणार, तेही आधीच ठरवा.

नीलमोहर
बाबांना एक सांगून ठेवा. गरीला शिशाचं वजन असतं, ते दोर ओढत नेतं. इथे माशीला वजन जवळजवळ नसतंच; जड असते ती लाइन आणि फेकायची तीच. मागे नेलेली लाइन हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. खाडीवाले नेमके तिथेच घाई करतात. टोकाला गळाऐवजी लोकरीचा धागा बांधून मैदानात सराव करून जा.

सोडण्याबद्दल: ब्राउन ट्राउट इंग्रजांच्या काळात इथे आणून सोडलेला, आता नदीत स्वतःच वाढतो आणि थंडीत अंडी घालतो. तो सोडा. जेवायला खोऱ्यातल्या शेततळ्यांतला रेनबो ट्राउट मिळतो, बाबांना तो तळून द्या. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून घ्या, मासा ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत थर निघतो.

धागाकर्ता
आभार! तळलेल्या रेनबोवर बाबा राजी झाले, आईही यायचं म्हणते आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा नक्की. नदीत उतरायला फेल्ट (दाबलेल्या लोकरीसारख्या) तळव्याचे बूट तिथे भाड्याने मिळतात का, की मुंबईहूनच न्यावे? बाबांचा पाय दहा नंबरचा आहे.