काचेच्या टाकीत घोरपड नको

भाऊ, यावलकडच्या केळीच्या बागेत सापडलेलं घोरपडीचं पिल्लू माशांच्या रिकाम्या टाकीत ठेवलंय, मोठा पिंजरा कसा बांधू, असं विचारलंत. तुम्हाला कुणी 8 बाय 4 फुटांचं माप सांगितलं असेल, तर ते आफ्रिकेतल्या सव्हाना मॉनिटरचं, म्हणजे घोरपडीच्या तिकडच्या भाईबंदाचं आहे, आणि तोही नोंदणीशिवाय पाळता येत नाही. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. घरात ठेवणं गुन्हाच. आजच 1926 वर वनविभागाला फोन करा.

तोवर टाकी उन्हातून हलवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, बंद काचेत जीव जायला वेळ लागत नाही. आमच्या गल्लीत एका पोराने असंच पिल्लू ठेवलं होतं. बाहेर पडायला वाट शोधत ते दिवसभर काचेवर तोंड घासायचं. नाकाचं कातडं सोलून निघालेलं, काचेवर रक्ताचे बारीक ठिपके. अजून डोळ्यांसमोरून जात नाही ते. या जीवाला खणायला माती लागते, उन्हाच्या वेळी तो बिळात शिरतो. झाकणाला भोकं पाडलेल्या ड्रममध्ये थोडी ओलसर माती टाका, सावलीत ठेवा. दूध अजिबात पाजू नका.

आणि पिल्लू नेमकं कुठे सापडलं ती जागा वनरक्षकाला दाखवा, म्हणजे तिथेच सोडता येईल.