खानावळ गॅसवरून इंडक्शनवर न्यावी का?

डबेवाली_सातारा
माझी चाळीस डब्यांची खानावळ आहे. १९ किलोचे सहा सिलिंडर महिन्याला लागतात. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण युद्ध पेटलं, तेव्हा बारा दिवस मी आधी बातम्या लावायचे, मग कणीक मळायचे. गॅस महागला तरी डब्याचे पैसे वाढवता येत नाहीत, जेवणारी सगळी शिकणारी पोरं. भात-आमटी इंडक्शनवर नेऊ का? आणि भाकरीचं काय?

निवृत्त_दर्यावर्दी
ताई, तुमची धास्ती खरी आहे. मी गॅसच्या जहाजांवर इंजिनात होतो. कतारच्या रास लफानला उणे ४२ अंशांचा प्रोपेन, म्हणजे आपल्या सिलिंडरच्या गॅसमधला एक घटक, भरायचा आणि इराणला लागून असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून कांडल्याला आणायचा. ती सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसपैकी, सुमारे ६० टक्के बाहेरून येतो, त्यातला बहुतेक याच वाटेने. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू, पादूरला ५३ लाख टनांची भूमिगत कोठारं आहेत. एलपीजीचा साठा त्यामानाने फारच थोडा. वीज मात्र आपल्या कोळशाची, पाण्याची. कोयना तर तुमच्याच जिल्ह्यात. भात-आमटी बिनधास्त हलवा.

वायरमन_कराड
हलवा, पण घाईने नको. १९ किलोच्या एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण १७५ युनिटांत होतं. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर घेऊन गुणाकार करा, मगच ठरवा. साडेतीन किलोवॅटच्या दोन शेगड्या म्हणजे सात किलोवॅट, त्यासाठी मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी किती वीज ओढता येते ती मर्यादा, वाढवून घ्यावा लागेल. जुन्या वायरिंगवर लावू नका, मी जळालेले बोर्ड पाहिलेत. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली चालणार नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडं घ्या.

गच्चीवरचं_ऊन
सौर पॅनेलही बघा. दुपारचा स्वयंपाक उन्हावर निघेल, रात्रीचा नाही. त्यांतले बरेच सेल चीनमधून येत आलेत, हेही खरं. पण पॅनेल एकदा बसलं की पंचवीस वर्षं चालतं, गॅस दर महिन्याला आणावा लागतो.

डबेवाली_सातारा
लोहचुंबक लावून पाहिला. अकरा पातेल्यांपैकी दोनच चिकटली! म्हणजे भांड्यांचाही खर्च आला. आधी एक शेगडी घेते, भात आणि आमटी तिच्यावर. भाकरी जाळावरच, ती फुगल्याशिवाय माझ्या डब्यात जात नाही. वायरमनदादा, भार वाढवायच्या अर्जाला कुठली कागदपत्रं लागतात? जागा भाड्याची आहे.