आंतरराष्ट्रीय अभ्यासात एम.ए. करतेय, पुढच्या संधींबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागात पहिल्या वर्षाला आहे. संयुक्त राष्ट्रांत काम करायची मनापासून इच्छा आहे. पण तिथल्या सचिवालयाच्या इंटर्नशिपला मानधन नाही. प्रवास, व्हिसा, राहणं सगळं आपणच बघायचं. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हासारख्या शहरात ते माझ्या घरच्यांना झेपणारं नाही, आणि पैशांअभावी चांगली मुलं मागे राहतात हे मला अन्यायाचंच वाटतं.

म्हणून यूएन व्हॉलंटिअर्सचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचं, ऑनलाइन काम करावं म्हणतेय. भाषांतर, संशोधन, लेखन असं घरबसल्या करता येतं. इथे कुणी केलंय का? पुढे नोकरीच्या अर्जात त्याला खरंच वजन मिळतं का, की नुसतं प्रमाणपत्र हाती येतं?

दुसरा प्रश्न भाषेचा. फ्रेंच थोडीफार येते. तीच पक्की करू की अरबी नव्याने सुरू करू? दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा आहेत, पण अभ्यास सांभाळून एकच नीट होईल. माझा कल फ्रेंचकडे आहे.

युरोपात एम.ए.सारखं शिक्षण घेण्यासाठीची युरोपीय संघाची एरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती मिळालेलं कुणी असेल, तर शिफारसपत्रं कुणाकडून घेतलीत तेही कृपया सांगा.